नळीचे टोक

मखमलाबाद, नाशिक
रविवार, ४ फेब्रुवारी २००१

साधना,

तुमचा जयराम पंप दुरुस्तीला आला आहे आणि उद्या पहाटे घरी, लासलगावला परत निघणार आहे, म्हणून त्याच्या हाती हे पत्र देतो. फोनवर मला बोलता येत नाही. तुझे वडील ज्या आडत दुकानात दिवाणजी आहेत, तिथला फोन उचलला की मागे कांद्याचा लिलाव ऐकू येतो. ते "सगळं ठीक ना?" असे विचारतात की "ठीक" याशिवाय दुसरे उत्तर उरत नाही.

सगळे ठीक आहे. तू बाळंतपणाला निघताना एसटी स्टँडवर जे बोललीस ते मला शब्दाला शब्द पाठ आहे. "तुमच्या हातात देऊन चाललेय, आत्याबाईंच्या नाही." वेदिकाच्या डोक्यातल्या पाण्याच्या नळीचे डॉक्टर नाशिकला आहेत तर पोरीला इथेच ठेवू, असे मीच म्हणालो होतो. तेव्हा जबाबदारी माझी आहे आणि ती मी विसरलेलो नाही. आज रविवार, टेपने डोके मोजले. साडेएकोणपन्नास सेंटिमीटर, मागच्या रविवारइतकेच. कानामागची गाठ, तिथून मानेवर आणि छातीवर उतरणारी नळी बोटाने तपासली. कातडीखाली जशी होती तशीच लागते, कुठे सूज नाही. कामावरून आल्यावर हात धुऊनच तिला घेतो.

दोन दिवस पोट दुखते म्हणते. आई म्हणते जंत झाले असतील. काल वावडिंग मधातून दिले. वेदिकाने अर्धे गिळले आणि अर्धे आईच्या लुगड्यावर थुंकले. आई म्हणाली, "आईवर गेलीय, गोड बी थुकती." हे तुला सांगायचे नव्हते, पण हसशील म्हणून लिहिले.

माझे दिंडोरीकडचे ठिबकचे काम चालू आहे. चार एकर द्राक्षबाग आहे, बुधवारी पाणी सोडून दाखवायचे आहे.

तू जिने चढू नकोस. पाय सुजतात का ते कळव.

कुंदन


हॉस्पिटल, नाशिक
शुक्रवार, ९ फेब्रुवारी

साधना,

आधी हे वाच. वेदिका आहे, श्वास नीट चालू आहे, आज सकाळी तिने पाणी मागितले.

काल दुकानात फोन केला तेव्हा तुला काही कळवू नये असे तुझ्या वडिलांनी सांगितले होते. आठवा महिना सरत आलाय, जिवाला लावून घेईल, म्हणाले. म्हणून मी पाच कागद फाडले. पण कोणाकडून तरी कळेलच, आणि ते वाकडेतिकडे कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेले बरे.

ते जंत नव्हते. मंगळवारी सकाळी वेदिका मागच्या अंगणात शौचाला बसली होती. आईला तिच्या बसायच्या जागेतून काही तरी पांढरे लोंबताना दिसले, दोन बोटे लांब. आईला वाटले जंत पडतोय. तिने फडक्यात धरून ओढायला पाहिले, वेदिका ओरडली, तेव्हा सोडून दिले. तो जंत नव्हता, आपल्या नळीचे खालचे टोक होते. डोक्यातले पाणी पोटात सोडणारी नळी आतड्याला टेकून टेकून त्याच्या भिंतीतून आत शिरली आणि आतड्यातून उतरत उतरत बाहेर आली. डॉक्टर म्हणतात, असे फार क्वचित होते. पोट फुगत नाही, सुरुवातीला तापही येत नाही, त्यामुळे घरच्यांना कळायला मार्ग नसतो. हे त्यांनी आपणहून सांगितले, मी विचारले नव्हते.

त्या टोकातून पाणी ठिबकत होते. पाणी जाऊ नये म्हणून आईने त्याला दोरा बांधला. तिच्या फुलांच्या हारांचा पांढरा दोरा. टोक दुमडून, वर वेढे घेऊन, गाठ मारली. त्यामुळे डोक्यातले पाणी अडले. बुधवारी वेदिकाला तीन उलट्या झाल्या, त्या आम्ही वावडिंगाच्या समजलो. गुरुवारी सकाळी ती उठेना. डोळे उघडले तर बुबुळे खाली उतरलेली, वरचा पांढरा भाग दिसत होता. तिला रिक्षात घालून इथे आणले.

डॉक्टरांनी दोरा पाहिला आणि विचारले, "हे कोणी बांधलं?" आई म्हणाली, "म्या बांधला, सायेब." ते आईला रागावले नाहीत. त्यांनी लगेच दोरा कापला आणि दुपारी तिला ऑपरेशनला घेतले. मानेपाशी छेद देऊन नळी तोडली. खालचा भाग खालूनच काढला, कारण वर ओढला असता तर आतड्यातली घाण वर गेली असती. डोक्यातले पाणी आता एका नळीने बाहेर काढून पिशवीत घेतात. पिशवी खाटेशेजारच्या दांड्यावर टांगली आहे.

पाणी तपासायला पाठवले आहे. त्यात जंतू निघाले नाहीत तर लवकर घरी, असे सिस्टर म्हणाल्या. तू निघू नकोस. रस्ता खराब आहे.

कुंदन


हॉस्पिटल
शनिवार, १७ फेब्रुवारी

साधना,

जंतू निघाले. मंगळवारीच रिपोर्ट आला होता, तुला आज लिहीत आहे.

आतड्यातले जंतू नळीच्या कडेने डोक्यात चढले. सलाईनमधून दोन औषधे चालू आहेत, आणि दिवसातून एकदा डॉक्टर स्वतः येऊन डोक्याच्या नळीतून एक औषध घालतात. तेव्हा मला बाहेर काढतात. पाणी तीन वेळा स्वच्छ यायला हवे. त्यानंतरच दुसऱ्या बाजूने नवी नळी घालता येते. एकदा स्वच्छ आले आणि दुसऱ्यांदा पुन्हा जंतू निघाले की मोजणी पहिल्यापासून सुरू.

इथे माझे काम एवढेच की तिला उठू द्यायचे नाही. पिशवी किती उंचीवर टांगायची ते ठरलेले असते, कानाच्या रेषेवरून मोजतात. पोर उठून बसले तर पाणी एकदम जास्त वाहते, आणि त्यातही धोका आहे. म्हणून मी तिच्या छातीवर हात ठेवून बसतो. ती "सोडा ना बाबा" म्हणते आणि मी सोडत नाही. पहिले दोन दिवस ती रडत होती, आता रडत नाही, नुसती बोटे मोजते. मला तिचे रडणेच बरे वाटत होते.

तासातासाला लताबाई सिस्टर येऊन पिशवीतले पाणी पाहतात आणि कागदावर लिहितात. परवा वेदिकाने त्यांना विचारले, "माझं पाणी तुम्ही रोज नेता, परत कधी देणार?" सिस्टर म्हणाल्या, "तुझ्या लग्नात, घागर भरून." त्यावर वेदिका म्हणाली, "मग माझ्या बाबांना पण थोडं द्या, त्यांचं डोकं दुखतं." सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो.

जयराम मंगळवारी आला होता. तुमच्या घरचे बोलतात ते बरोबरच आहे, मी त्याला दोष देत नाही. पण तो आईला व्हरांड्यात सगळ्यांसमोर बोलला. "म्हातारे, पोरगी काय झेंडूचा हार वाटला का तुला, दोरा बांधायला?" आई डबा उचलून जिन्याकडे गेली. तेव्हापासून ती वॉर्डात येत नाही. बाहेर जिन्याच्या पायरीवर बसते, डबा पायरीवर ठेवते आणि मला खूण करते. मी म्हटले, आत ये. म्हणाली, "नको. माझी सावली नको तिच्यावर." तुमच्या जयरामला सांग, एवढे बोलू नये.

नववा लागला का? तारीख कळव.

कुंदन


हॉस्पिटल
शनिवार, २४ फेब्रुवारी

साधना,

तुझे पत्र काल मिळाले. सहाच ओळी आहेत. त्यातली चौथी ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. "आत्याबाईंना सुईत दोरा ओवता येत नाही, मोतीबिंदू झाल्यापासून मीच ओवून द्यायचे. त्यांनी एवढ्या बारीक नळीला गाठ कशी मारली?"

गाठ मी मारली.

आता सगळे क्रमाने लिहितो. मंगळवारी सकाळी आईने जंत म्हणून सोडून दिले, हे खरे आहे. मी कामावर होतो. संध्याकाळी सहाला आलो तेव्हा आईने सांगितले, की पोरीला मोठा जंत लोंबतोय, ओढला तर रडते. मी बॅटरी घेऊन पाहिले आणि लगेच ओळखले. जंताला भोक नसते. याच्या टोकाला भोक होते, आणि त्यातून एक एक थेंब पडत होता, पाण्यासारखा स्वच्छ. दिवसभर मी तेच पाहतो, साधना. नळीतून येणारा थेंब मी अंधारातही ओळखीन.

आईला मी काही सांगितले नाही, घाबरली असती. मी पण घाबरलो होतो. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, पाणी साचलेले वाईट आणि फार वाहून गेलेलेही वाईट. मला वाटले, टोक उघडे पडलेय, आता डोक्यातले सगळे पाणी वाहून जाईल. बागेत नळीचे शेवटचे टोक उघडे राहिले तर काय होते ते मला माहीत आहे. सगळे पाणी तिथूनच निघून जाते आणि झाडे कोरडी राहतात. म्हणून आम्ही टोक दुमडतो आणि वरून बांधतो. मी हजारो टोके बांधली असतील. एकही गळालेले नाही.

मी हात साबणाने दोनदा धुतले. आईच्या टोपलीतला नवा दोरा घेतला, उकळत्या पाण्यात बुडवून काढला. नळी मऊ होती, पटकन दुमडली. तीन वेढे घेतले, गाठ मारली, उरलेला दोरा कात्रीने कापला. बॅटरी धरून शंभर आकडे मोजले. थेंब पडला नाही. मला फार बरे वाटले. हे तुला सांगायला लाज वाटते, पण खरे आहे. वेदिकाला म्हणालो, "झालं बरं का, बाबांनी गळती बंद केली." ती म्हणाली, "शाब्बास."

त्याच वेळी तिला इथे आणायला हवे होते. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, रिक्षा मिळाली असती, डॉक्टर आठपर्यंत असतात. पण शुक्रवारी तिच्या तपासणीची तारीख होती आणि बुधवारी दिंडोरीला पाणी सोडून दाखवायचे होते. वाटले, गळती तर थांबलीय, शुक्रवारी दाखवू. बुधवारी मी दिंडोरीला गेलो. सकाळी निघतानाच तिला पहिली उलटी झाली होती. मी पाहिली होती. तरी गेलो.

गुरुवारी डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी तोंड उघडले होते. शब्द यायच्या आधी आई बोलून गेली. तिला तोवर माहीत नव्हते. दोरा आणि माझे तोंड पाहून तिला कळले. नंतर बाहेर आल्यावर मी म्हटले, आई, असे का सांगितलेस. ती म्हणाली, "मला मेलीला काय, मी अडाणी. मला चार शिव्या देतील नि गप बसतील. तुझं नाव निघालं तर साधना पोरीला घेऊन जाईल अन् परत यायची नाय." मी गप्प बसलो. आणि तुला पत्रात तेच लिहिले, आईच्या नावाने. जयराम तिला बोलत होता तेव्हा मी चार हातांवर उभा होतो. तेव्हाही गप्प बसलो.

आज सकाळी डॉक्टरांना सांगितले. ते कागद वाचत होते, मान वर न करता म्हणाले, "मला ते पहिल्या दिवशीच वाटलं होतं. गाठ फार नीट होती." मग म्हणाले, आता तिच्याजवळ बसा. आईलाही सांगितले, की मी डॉक्टरांना सांगून टाकले. ती म्हणाली, "कशाला बोललास रे," आणि तोंडावर पदर घेतला. वॉर्डात मात्र अजून येत नाही.

पाणी एकदा स्वच्छ आले. अजून दोनदा यायचे आहे.

ताप उतरला. खाते थोडे. आज भाताचा चमचा तोंडाजवळ नेला तरी तिने तोंड उघडले नाही, ओठाला टेकल्यावर उघडले. अशक्तपणा आहे, सिस्टर म्हणाल्या.

तुला काय वाटेल ते लिही. पत्र लांबले तरी चालेल.

कुंदन


हॉस्पिटल
सोमवार, १२ मार्च

साधना,

तुझे उत्तर आले नाही. जयराम काल आला आहे. तीन तारखेला मुलगा झाला, दोघांची तब्येत चांगली आहे, असे त्याने जिन्यातच उभे राहून सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पण आईला वाकून नमस्कार केला. म्हणजे तू माझे पत्र घरात वाचून दाखवलेस. बरे केलेस.

तो म्हणाला, "बारसं झालं की ताई येणार हाय गुरुवारी. पोरीला न्यायला." मी बरे म्हणालो. तू नेलेस तर मी अडवणार नाही. फक्त तू येण्याआधी तुला हे कळायला हवे, म्हणून आजच्या आज त्याच्याच हाती पाठवतो. तो संध्याकाळच्या गाडीची वाट पाहत खाली थांबला आहे.

पाणी तीनदा स्वच्छ आले. गुरुवारी, आठ तारखेला, डाव्या बाजूने नवी नळी घातली. ऑपरेशन चांगले झाले. पिशवी काढली. शुक्रवारी मी तिच्या छातीवरचा हात काढला, एक महिन्यानंतर. ती उठून बसली.

शनिवारी दुपारी अडीच वाजता तिने मला दिवा लावायला सांगितले.

खिडकी तिच्या उजव्या हाताला आहे. तिला पडदा नाही. ऊन तिच्या पांघरुणावर आले होते. मी म्हटले, कशाला गं? ती म्हणाली, "कधीची रात्रच आहे. मला कंटाळा आला." मी उठलो आणि बटण दाबले. तिने बटणाचा आवाज ऐकला. थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "लाइट गेली वाटतं." मला हो म्हणता आले असते. समोरच्या खाटेवरची बाई माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही बाळा, लाइट आहे." ती म्हणाली, "मग?" मी सिस्टरना हाक मारली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काल आणि आज पाहिले. डोळे चांगले आहेत. डोक्यातल्या पाण्याच्या दाबाने डोळ्यांमागच्या नसा दबल्या, त्या सुकत चालल्या आहेत. उजव्या डोळ्याला बॅटरीचा उजेड थोडा कळतो, डाव्याला कळत नाही. मी विचारले, सुधारेल का? म्हणाले, सहा महिने पाहू. मी विचारले, मंगळवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ नळी बंद होती, त्यानेच झाले का? म्हणाले, तसे सांगता येत नाही, जंतूंमुळेही होते, नळी आधीपासून अर्धी बुजलेली असू शकते. मी पुन्हा विचारले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते हो म्हणाले असते तर मला एक काही तरी धरता आले असते.

रोज तिला भरवणारा मी होतो. चमचा ओठाला टेकल्याशिवाय ती तोंड उघडत नाही, हे मी तुला लिहिले आणि अशक्तपणा म्हटले. ती बोटे मोजायची, तेव्हा डोळ्यांनी मोजत नव्हती, एका बोटाने दुसरे चाचपत होती. मी डोके टेपने मोजत आलो, तासाचे पाणी पाहत आलो, आणि हे मला दिसले नाही. आता काय करायचे ते मी सगळ्यांना विचारत असतो. लताबाई सिस्टर म्हणाल्या, "दादा, आता करण्यासारखं काही नाही, सवय करायची." मला ते जमत नाही. मी अजून रोज कानामागून छातीपर्यंत नवी नळी तपासतो. नळी चांगली आहे.

वेदिकाला मी सांगितले आहे, की तिचे डोळे आजारी आहेत आणि ते बाबांच्या चुकीने आजारी झाले असतील. तिने विचारले, "मुद्दाम केलं?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "मग असू दे," आणि बिस्कीट मागितले. तिला कळलेले नाही. कळेल तेव्हा तू तिच्याजवळ असशील, मी असेन की नाही ते तू ठरव.

आई कालपासून आत येऊन बसते. वेदिकाने तिला बांगड्यांवरून ओळखले.

तू येशील तेव्हा घाई होईल. आईचे काळीज आहे, दारातून दिसली की धावत जाऊन उचलशील. तसे करू नकोस. परवा मी पायाचा आवाज न करता जाऊन तिला जवळ घेतले तर ती एवढी दचकली की किंचाळली. दारात थांब. आधी तिला नावाने हाक मार आणि मी आले म्हण. ती मान वळवते, पण लगेच नाही, आवाज कुठून आला ते आधी शोधते. तेवढा वेळ तिला दे. तिची मान तुझ्याकडे पूर्ण वळली, की मग जवळ जा.

कुंदन